बाई, याला कोणता शब्द?

बाई,

तुम्हाला मातीत ठेवून आलो त्याला आता आठवडा होत आला आणि मला एका जागी बसवत नाही. भाजी चिरायला घेते, अर्धी चिरून उठते. गॅलरीत जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत फिरते. काल घासलेली भांडी पुन्हा घासली. ह्यांनी दोनदा सांगितलं, जरा बस. बसले. बसल्यावर पाय हलायला लागला. मग चपला घालून खाली उतरले आणि स्टेशनच्या बाजूनं चालत सुटले. बाजारपेठेत दोन ओळखीच्या बायका भेटल्या, त्यांनी काही विचारायच्या आत पुढे निघाले. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत विचारलं असतंत, "रोहिणी, हे दुःख आहे की अस्वस्थता? दोन्ही एक नाहीत." तुम्हाला फरक लागायचा. प्रत्येक गोष्टीतला फरक. मला आज तो सांगता येत नाही, आणि इतकी वर्षं मी मानसशास्त्र शिकवते आहे.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, हे सगळं कॉलेजच्या अंकात येणार आहे. मला लिहायला सांगितलं होतं. मी दुसऱ्याचं नाव सुचवलं. तसलं मला लिहिता येणार नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडण अंकात छापत नाहीत.

अकरावीचा पहिला तास मला अजून दिसतो. मी कोल्हार खुर्दहून आलेली, नदीपलीकडची. आमच्या घरातून शिकायला श्रीरामपूरला येणारी पहिली मुलगी. मानसशास्त्र हा विषय मी आवडीनं घेतलाच नव्हता. त्याचा तास सकाळी असायचा आणि दुपारची गाडी त्यामुळे मिळायची, एवढंच कारण. तुम्ही आत आलात, पर्स टेबलावर ठेवलीत आणि नाव-गाव काही न सांगता म्हणालात, "डोळे मिटा. आता माझ्या साडीचा रंग सांगा." मागच्या बाकावरून कुणीतरी पिवळा म्हणालं. कुणी निळा. डोळे उघडले तर साडी हिरवी, काठ तेवढा पिवळा. तुम्ही हसलात. "काठ बघितलात, साडी नाही बघितलीत. डोळ्यांसमोर सगळं असतं, आपण त्यातलं थोडंच उचलतो. पुस्तकात याला अवधान म्हटलंय." त्या दिवसापासून मी रोज तुमची साडी नीट बघायला लागले. बाकी वर्गही बघायला लागला. तुम्हाला तेच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीनंतर फॅक्टरीचा हंगाम सुरू झाला आणि तो अपघात झाला. मी काळ्या-पिवळ्या जीपनं कॉलेजला निघाले होते. पुलावर समोरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली. मागची ट्रॉली कलली आणि सगळा ऊस जीपवर आला. जीप कठड्याला जाऊन घासली. माझ्याशेजारी बसलेल्या मावशी कोल्हारच्या बाजाराला निघाल्या होत्या. माझ्या मांडीवर त्यांची पिशवी होती, त्यांना दाटीवाटीत ती धरता येत नव्हती म्हणून मी घेतली होती. त्या जागीच गेल्या. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. लोकांनी ऊस उपसून आम्हाला बाहेर काढेपर्यंत मी चिरडलेल्या उसाच्या वासात तशीच पडून होते. गोड, ओला वास. मावशींचा हात माझ्या हाताला लागलेला होता.

त्यानंतर मला उसाचा वास सहन होईना. आधी पूल नको झाला. मग ट्रॅक्टरचा आवाज. मग वास. आणि हंगामात आपल्या भागात त्या वासातून सुटणार कुठे? रस्त्यानं ऊस, बैलगाडीत ऊस, आमच्या स्वतःच्या रानात ऊस. शेवटी शेवटी गुळाचा चहा समोर आला तरी हातपाय गार पडायचे. मी कॉलेज सोडलं. म्हणजे ठरवून सोडलं नाही, जाणं थांबलं. चुलती म्हणाली, बाहेरचं लागलंय. आईनं उतारा टाकला. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तोंडानं काही म्हटलं नाही, पण एका स्थळाकडून निरोप आला होता त्याला त्यांनी लगेच नाही म्हणून कळवलं नाही. मला ते समजलं होतं.

आणि एका शनिवारी तुम्ही आमच्या ओट्यावर. एसटीनं कोल्हारला उतरून पूल चालत ओलांडून आलेल्या, साडीच्या निऱ्यांना फुफाटा लागलेला. एक मुलगी वर्गात यायची थांबली म्हणून बाई घरी येतात, हे आमच्या गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. तुम्ही अमोलिक, ख्रिस्ती, म्हणून आजीनं आधी पाणी कुठल्या तांब्यातून द्यायचं याचा विचार केला. तुम्ही ते बघितलंत. बघून न बघितल्यासारखं केलंत आणि ओंजळीनं पाणी प्यालात. आजी त्या दिवसानंतर तुमच्यासाठी घरातला चांगला पेला काढायची.

आप्पा तुमच्यासमोर हात जोडल्यासारखे बसले. म्हणाले, "आमी काय करावं बाई? पोरीला ऊस दिसला की अंगाला कापरं सुटतंय. फॅक्टरी चालू हाय, समदा रस्ता उसानं भरल्याला. तिला धाडावं तरी कसं?"

तुम्ही त्यांना धीर बिर दिला नाहीत. मला जवळ बसवून विचारलंत, नक्की काय होतं, आधी कुठे होतं, छातीत की पोटात. कुणी इतकं बारीक विचारलं नव्हतं. सगळे मला घाबरू नको म्हणत होते. तुम्ही विचारलंत, घाबरल्यावर कुठे दुखतं. मी पोट म्हणाले. मग तुम्ही तो धडा सांगितलात, जो वर्गात माझ्या गैरहजेरीत होऊन गेला होता. अभिसंधान. उसानं तुझं काही केलेलं नाही. पण त्या दिवशी मरण आणि उसाचा वास एकाच वेळी आले, आणि तुझ्या अंगानं दोघांची गाठ मारली. आता वास आला की अंग मरणाची तयारी करतं. "तू वेडी नाहीस. तुझं अंग फार हुशार आहे, एका खेपेत शिकलं. पण अंगाला पुस्तक वाचता येत नाही. त्याला समजावून उपयोग नाही, त्याला पुन्हा अनुभवच द्यावा लागेल. थोडा थोडा."

बाई, मला कुणीतरी हुशार म्हटलं, तेही ज्याची लाज वाटत होती त्याच गोष्टीसाठी. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पुढचे शनिवार तुम्ही येत राहिलात. पहिल्यांदा उसाचं एक कांडं परसदारच्या भिंतीपाशी ठेवलं आणि आपण दोघी लांब, चुलीजवळ, वाटाणे सोलत बसलो. तुम्ही ऊस हा शब्दही काढला नाहीत. तुमच्या आईच्या, तुम्ही शाळेत भोगलेल्या शिक्षांच्या गोष्टी सांगत होतात. मग कांडं अंगणात आलं. मग उंबऱ्याशी. एकदा माझा जीव घाबरला तर तुम्ही ते उचलून परत भिंतीपाशी नेऊन ठेवलंत. ना शाबासकी, ना रागावणं. एका शनिवारी मी स्वतः ते कांडं हातात घेतलं आणि आईनं देवाला हात जोडले. तुम्ही फक्त म्हणालात, "चावून बघायचं का, की आज नको?" मी आज नको म्हणाले. "बरं," म्हणालात, आणि तुम्हीच सोलून खाल्लंत.

आणि मग पूल. तोंडाशी उभं राहायचं आणि परत यायचं, असं सुरू केलंत. मग थोडं पुढं. एके दिवशी मध्यावर आल्यावर मागून ट्रॅक्टर आला आणि मी खालीच बसले. कठड्याला टेकून, गुडघ्यात डोकं घालून. तुम्ही हात धरून ओढलं नाहीत. तुम्ही कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या होतात आणि तशाच माझ्याशेजारी त्या धुळीत बसलात. बाजूनं ट्रक जात होते, आपल्या अंगावर वारा आणि पाचट येत होतं. एक मोटरसायकलवाला थांबला, काय झालं म्हणून विचारायला लागला. तुम्ही म्हणालात, "काही नाही हो, नदी बघतोय." नदीला पाणी नव्हतं. वाळू, बेशरमीची झुडपं आणि लांब कुठेतरी म्हशी. तो माणूस नदीकडे बघून, मग आपल्याकडे बघून निघून गेला, आणि मला हसू आलं. पुलाच्या मध्यावर, उसाच्या वासात मला हसू आलं. तिथून उठून मी चालत पलीकडे गेले. तुम्ही मागे होतात, धरलं नव्हतंत.

तिथपासून आपला पहिला वाद. तो इतकी वर्षं चालला. मी म्हणायचे, तुमच्यामुळे मी पूल ओलांडला. तुम्हाला ते अजिबात चालायचं नाही. तुम्ही म्हणायच्या, भीतीचं विलोपन झालं. पायरी पायरीनं, धोक्याशिवाय, पुन्हा पुन्हा तोच अनुभव मिळाला. शेजारी मी होते की आणखी कोण, याला महत्त्व नाही. मी म्हणायचे, आहे. आईबरोबर मी पुलाच्या तोंडाशीसुद्धा गेले नव्हते. तुम्ही म्हणायच्या, कारण आई स्वतः घाबरलेली होती. मी म्हणायचे, म्हणजे माणसाला महत्त्व आलंच की. तुम्ही चष्मा काढून पुसायला लागायच्या. ते तुमचं हरण्याचं लक्षण होतं, पण तोंडानं कधी कबूल केलं नाहीत.

आणखी एक सांगायच्या. विलोपन म्हणजे पुसलं जाणं नव्हे. भीती खाली तशीच असते, तिच्यावर नवं शिकलेलं अंथरलेलं असतं. मधेच कधीतरी, काही कारण नसताना, ती वर येते. ती आली म्हणून सगळं वाया गेलं असं समजायचं नाही. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की पुढे मी तेच वाक्य वर्गात सांगताना तुमचा हेल काढते, मुली हसतात.

मी याच विषयात शिकावं हा हट्ट तुमचा. आप्पांना डी.एड. हवं होतं. तुम्ही पुन्हा एसटीनं आलात. मग मी शिकले, नोकरीला लागले, तुमच्याच विभागात, तुमच्याच टेबलासमोर. मला वाटलं होतं तुम्ही आता तरी मला मोठी समजाल. तुम्ही पहिल्याच दिवशी माझा तास मागच्या बाकावर बसून ऐकलात आणि नंतर म्हणालात, "व्याख्या आधी सांगितलीस. आधी गोष्ट घडू दे, मग तिला नाव दे. मुलं नाव पाठ करतात आणि गोष्ट विसरतात." हाच तुमचा एक नियम होता म्हणा ना. आधी बघा. नाव घाईनं देऊ नका. विसराळू मुलाला लगेच आळशी म्हणू नका, गप्प मुलीला लगेच गर्विष्ठ म्हणू नका. आठवणं वेगळं, ओळखणं वेगळं, हेही तुमच्याकडूनच. कोऱ्या कागदावर उत्तर आठवत नाही, पण चार पर्याय समोर ठेवले की ओळखता येतं. म्हणजे ते आत होतंच.

आता माझं तेच झालंय. मी डोळे मिटून तुमचा आवाज आठवायला बघते, येत नाही. पण कुठूनही तुम्ही एक शब्द बोललात तर मी गर्दीतून ओळखेन. तो आत कुठेतरी आहे. मला काढता येत नाही आणि त्यानं मी आणखीच येरझारा घालते. रविवारी चारच्या सुमाराला, तुमच्या येण्याच्या वेळी, खाली रिक्षा थांबली आणि माझा हात चहाच्या पातेल्याकडे गेला. तुम्ही नाही आहात हे मला माहीत आहे. हाताला अजून माहीत नाही.

बरं, आता तो दुसरा वाद. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

गेल्या वर्षी, तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, तुम्हाला जिना चढवेनासा झाला. आपला वर्ग वरच्या मजल्यावर. तुम्ही मधल्या वळणावर थांबायला लागलात, तिथल्या सूचनाफलकासमोर. मी मागून येऊन बघायचे, तुम्ही वाचताय. परीक्षेच्या फॉर्मची ती सूचना कधीची जुनी झाली होती. तुम्ही ती रोज वाचत होतात. पाठ झाली असेल. मी एकदा विचारलं, दम लागतो का. वय झालं म्हणालात. दुसऱ्यांदा विचारलं, म्हणालात दुपारी जेवण जास्त झालं. ओठ निळसर दिसायचे. पाय सुजायचे, चपलेचा पट्टा रुतलेला दिसायचा. मी डॉक्टरांकडे चला म्हणाले, मी रजा काढते म्हणाले. तुम्ही विषय बदललात.

मग एक दिवस स्टाफरूममध्ये आपण दोघीच होतो. मला राग आला होता, आणि राग आला की मी पुस्तकी बोलते. मी म्हणाले, "बाई, तुम्ही बारावीला जो धडा शिकवता, मन स्वतःला वाचवायला काय काय करतं त्याचा, त्यात पहिलंच आहे. नाकारणं. समोर दिसतंय ते नाहीच असं धरून चालणं. तुम्ही तेच करताय."

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात. त्या दिवशी रागावलात. आवाज चढवला नाहीत, उलट खाली आणलात. "रोहिणी, माणसावर शब्द चिकटवायच्या आधी माणूस नीट बघावा." आणि तास नसताना उठून गेलात. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तुमच्या घरची सीताफळं. वाद मिटला नाही, तुम्ही तो बाजूला ठेवलात. मीही ठेवला. पण मी माझं मत सोडलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. उन्हाळ्यात तुम्ही निवृत्त झालात. जिना सुटला. मला वाटलं, बरं झालं.

शेवटच्या रविवारी तुम्हाला येववेना म्हणून मीच तुमच्याकडे आले, तेव्हाही मी तोच विषय काढला. तुम्ही खुर्चीत बसूनच दार उघडं आहे म्हणालात, उठला नाहीत. मी पुन्हा सुरू केलं, नगरला मोठे डॉक्टर आहेत, एकदा दाखवू. तुम्ही मला विचारलंत, प्रेरणेचा धडा वर्गात कसा घेतलास. मी म्हणाले, विषय बदलू नका. तुम्ही म्हणालात, "हाच विषय आहे. माणूस कशासाठी काय करतो, एवढंच तर आपण शिकवतो." मग लीलामावशींनी, तुमच्या धाकट्या बहिणीनं, चहा आणला. चहा झाला, मी निघाले. पुढच्या रविवारी बोलू म्हणालात. तुम्ही बोलू म्हणालात, बाई. गुरुवारी दुपारी लीलामावशी बाजारातून परत आल्या तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीत होतात, मान एका बाजूला.

दफनाच्या दिवशी मी रागावलेली होते. लोक रडत होते, पाळकसाहेब प्रार्थना करत होते, तुमच्या जुन्या विद्यार्थिनींनी गीत म्हटलं, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सांगितलं होतं. इतकं सांगितलं होतं. सगळ्या जगाला मन समजावणारी बाई स्वतःचं छातीतलं दुखणं नाकारत बसली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि असं खरं ठरण्याचा मला संताप आला होता.

तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी भक्ती होती, प्रार्थना झाली. सगळे पांगल्यावर मी लीलामावशींबरोबर सतरंज्या झटकायला थांबले. माझ्या तोंडून निघालंच, की बाईंनी वेळेवर दाखवायला हवं होतं. मावशी सतरंजीची घडी घालता घालता थांबल्या. म्हणाल्या, तिनं दाखवलं होतं.

त्यांनी मग सगळं सांगितलं. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी तुम्ही नगरला गेला होतात, पेपर तपासणीला जाते म्हणून. एकट्या. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन होतं, पण तुमच्या बाबतीत धोका फार होता, आणि केलं नाही तर गोळ्यांवर काही काळ काढता येणार होता. तुम्ही विचार करायला वेळ मागून घेतलात. परत गेलात, पुन्हा एकट्या, आणि ऑपरेशन नको म्हणून सांगितलंत. शेवटचं वर्ष वर्गात काढायचं होतं तुम्हाला, खाटेवर नाही. गोळ्या मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत. मावशींना त्या गोळ्यांवरूनच संशय आला. तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातलीत.

मी विचारलं, मला का नाही? मावशींनी घडी पुरी केली, सतरंजी ठेवून दिली. मग म्हणाल्या, "तुझंच नाव घेऊन सांगितलं होतं तिनं. रोहिणीला कळलं तर ती मला रोज तपासायला लागेल म्हणाली. मला तिच्याशी भांडायचंय, तिची पेशंट नाही व्हायचं."

त्यानंतर मला बसवत नाही, बाई.

म्हणजे ते नाकारणं नव्हतं. तुम्ही सगळं उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं, माझ्यापेक्षा आधी आणि माझ्यापेक्षा नीट. मी तुमचा काठ बघत होते. मग त्याला काय म्हणायचं? निर्णय? तसं म्हटलं तर मला तुमचा अभिमान वाटतो आणि मी थोडा वेळ शांत होते. मग वाटतं, नाही. ऑपरेशनला तुम्ही घाबरलात आणि भीतीला छान कपडे घालून तिला निर्णय म्हटलंत. असंही माणूस करतो, तोही धडा आपणच शिकवतो. हे मनात आलं की मी उठते आणि चालायला लागते. चालता चालता वाटतं, घाबरल्या असतील तर असू देत, घाबरलेल्या माणसाचाही निर्णय निर्णयच असतो. कोपऱ्यावर पोचेपर्यंत हे पटतं. परत फिरते तोवर पुन्हा राग येतो. तुमच्याजवळ सगळ्याला शब्द होता. याला कोणता, ते सांगून जायचं होतंत.

आणि मला चुकीचं बोलू दिलंत. वर्षभर. मी इतकी खात्रीनं बोलत होते आणि तुम्ही ऐकून घेत होतात. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला. केलं नाहीत. कारण मग मी भांडले नसते, रडले असते. तुमच्या ताटात मीठ किती हे बघितलं असतं, जिन्यात तुमच्या मागे हात पसरून चालले असते. तुम्हाला ते नको होतं. तुम्हाला शेवटपर्यंत कुणीतरी बरोबरीनं भांडणारं हवं होतं, आणि त्यासाठी तुम्ही मला निवडलंत. पुलाच्या तोंडाशी थरथरणारी मुलगी इतकी खंबीर झाली असं तुम्हाला वाटत होतं, याचा मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण तो आनंद टिकत नाही हो.

आज कॉलेजला गेले. बारावीचा तास होता. मागच्या वर्षी अकरावीत या मुली तुमच्याकडे होत्या, त्यामुळे कुणीच पुस्तक उघडलं नव्हतं. मी फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहिलं, भावना, आणि खडू हातात धरून उभी राहिले. पुढे काय लिहायचं ते सुचेना. तेव्हा पहिल्या बाकावरची तबस्सुम उभी राहिली. ती कधी विचारत नाही काही. म्हणाली, "मॅडम, बाईंना त्यांचं दुखणं माहीत होतं म्हणतात. खरंय का?"

गावात पसरलं होतं तर. मी हो म्हणाले.

"मग त्यांना भीती वाटली असेल का?"

मी म्हणाले, वाटलीच असणार. कुणालाही वाटते. हे मी शिक्षकासारखं म्हणाले, आवाज न हलता. मला वाटलं, प्रश्न संपले.

ती बसली नाही. तिनं विचारलं, "नगरला दवाखान्यात त्यांच्यासोबत कोण होतं?"

मी सांगितलं, कुणी नव्हतं. एकट्याच गेल्या होत्या.

तबस्सुम हळूच खाली बसली. मी खडू ठेवला, हात पुसले, आणि त्यांना वाचत बसा म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

तुम्ही तिथे बाकड्यावर बसला असाल. पर्स मांडीवर, साडीच्या निऱ्या नीट. नाव पुकारायची वाट बघत. आत जाताना मागे वळून बघायला कुणी नव्हतं. बाहेर आल्यावर ते सगळं ऐकून घेऊन पुन्हा एकट्याच एसटी स्टँडवर गेला असाल, गाडीची चौकशी केली असेल, खिडकीशी जागा बघून बसला असाल. आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून मला विचारलंत, पेपर तपासणीत फार उकडलं, तुझं इकडे काय?

शब्दाचं राहू द्या, बाई. तो मला नको आता. तुमचं बरोबर की माझं, तेही राहू द्या. मी काही बोलले नसते. काही विचारलं नसतं, तपासलं नसतं. नुसती शेजारी बसले असते.

मला सांगायचं होतंत. मी आले असते.